ताकदीची सुई

मंगळवार, संध्याकाळ. जालना

ती ताकदीची सुई काही डोक्यातून जाईना.

जाफराबादकडचे मेंढ्यावाले काका आज लॅबमध्ये आल्ते. लिंगाचा कॅन्सर. वर्षभर लाजेपायी घरात बी बोलले न्हाईत. ऑपरेशनआधी सर्जनसाहेबांनी रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण मागवलं होतं. आजार पुढं किती जोर धरील, याचा थोडा अंदाज त्यावरून येतो. आकडा इतका वाईट आला की मी नमुना दोनदा मशीनला लावला. तेच.

मंग काकू सहज म्हणल्या, "जीपमधी बसवंना यांच्यानं, म्हणून सकाळी गावातल्या डॉक्टरकडून ताकदीची सुई देऊन आणलं."

असली सुई बहुतेक स्टेरॉइडची. तिच्यानं पेशींचं प्रमाण पार बिघडतं. आता हा आकडा आजाराचा का सुईचा? काही दिवस थांबून पुन्हा रक्त घ्यायचं. पुन्हा तीच जीप.

"माझं चुकलं का, भाऊ?" काकूंनी विचारलं.

त्यांचं काय चुकलं? काय औषध घेतलं, हे रक्त काढायच्या आधी विचारायचं काम माझं. रोज सगळ्यांना विचारतो. आज चिठ्ठीवर आजाराचं नाव वाचलं. काका मान खाली घालून बसलेले. अन् मी बी मान खाली घालून नुसती शीर शोधत राह्यलो.