काकांचे कान आणि हरिकेनचं इंजिन

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२४

ती. ग्यानोबा काका व ती. काकू यांना लुंबिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही माझ्या तीन प्रश्नांना तीनदा 'हो, जेवलो' असं उत्तर दिलंत, म्हणून हे पत्र. राग मानू नका.

माझं हरिकेन तयार झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं हे मॉडेल, रेडिओवर उडणारं, पंखांचा पसारा साडेपाच फूट. दोन वर्षांचे रविवार त्यात गेले. रंगसुद्धा झालाय, फक्त नाक रिकामं आहे. इंजिन कोणतं बसवावं यावर माझं आणि अकरमचं जमत नाही. अकरम म्हणजे ज्याच्या गॅरेजात मी हे जोडते आहे तो. त्याने हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून तीन आणली आहेत. एक ठेवून बाकीची दोन डिसेंबरअखेर परत द्यायची आहेत. टू-स्ट्रोक हलकं आणि तिखट आहे. फोर-स्ट्रोक जड आहे, सावकाश फिरतं. तिसरं बॅटरीवर चालतं, ना धूर ना तेल. तुम्ही हवाई दलात वीस वर्षं इंजिनं खोललीत, जुन्या डकोटा विमानांचीसुद्धा, तेव्हा निकाल तुम्हीच द्या.

लोभ आहेच, अधूनमधून तेलपाणी करत जावं.

लुंबिनी


लातूर, ९ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनी हिस जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. फोनचं म्हणशील तर त्या दिवशी मी खरोखरच जेवलो होतो. उत्तर चुकलं कुठे?

निकाल फोर-स्ट्रोक. या जुन्या लढाऊ विमानांचं नाक आखूड असतं. नाकात वजन नसलं तर शेपूट खाली बसते, मग लोक नाकात शिसं भरतात. शिशाचं ओझं वाहण्यापेक्षा इंजिनच जड घेतलेलं काय वाईट? शिवाय त्याचा आवाज असा खर्जातला की रस्त्यावरच्या माणसाने मान वर करावी. टू-स्ट्रोक नुसतं किंचाळतं. बॅटरीवाल्याचं नाव काढू नको, तो मिक्सर झाला. आमच्या घरी एक आहे, चटणी चांगली करतो.

आवाजावरून इंजिन ओळखणं हे माझं कामच होतं. तरी तुझी काकू म्हणते मला ऐकू येत नाही. समीक्षाने, म्हणजे आमच्या लेकीने, बापाच्या काळजीपोटी कानाचं मशीन आणून दिलंय. ते टेबलाच्या खणात आहे आणि तिथे सुखात आहे. खरी गोष्ट अशी की तुझी काकू हल्ली फार हळू बोलते.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा काका


(त्याच पाकिटात)

लुंबे, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं, म्हणून ही चिठ्ठी आत सारून राहिले. त्यांना सांगू नको.

त्यांना ऐकायला येत न्हाई, हे खरं हाय. पाण्याची मोटर चालू हाय का ते बघायला भिंतीला हात लावतेत. मी बोलले की नुसती मान हलवतेत. आधी आम्ही दोघं लई बोलायचो गं. आता मी एकटीच बोलून राहिले, न्हाईतर मुकाट बसते. मला करमत न्हाई.

मशीन घाला म्हणलं की म्हणतेत, इंजिनाचा आवाज अजून बरोबर ओळखतो. तर मग लाव ओळखायला. तिन्ही इंजिनं, पाठ फिरवून. एक जरी चुकलं तर मशीन कानात. तिन्ही ओळखली तर मी पुन्हा मशीनचं नाव काढणार न्हाई. आणि हात कुठं टेकू देऊ नको.

पार्वतीबाई


नांदेड, १७ नोव्हेंबर २०२४

ती. काका व काकूंना सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचा निकाल मला मान्य आहे, पण अकरम मोठा हट्टी. तो म्हणतो, ज्यांचे कान एवढे तयार आहेत त्यांनी एक डिसेंबरला गॅरेजात यावं, पाठ करून उभं राहावं आणि तिन्ही ओळखून दाखवावीत. मग तुम्ही म्हणाल तेच इंजिन तो निमूट ठेवील. एक जरी चुकलं तर मात्र समीक्षाताईंचं मशीन कानात घालायचं. हात खिशात ठेवायचे, ही त्याचीच अट. माझा यात काडीचाही संबंध नाही.

काकूंना आणा. साक्षीदार लागतोच.

आशीर्वाद आहेत तसेच असू द्यावेत.

लुंबिनी


लातूर, ३ डिसेंबर २०२४

चि. लुंबिनी हिस जयभीम व आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. परवाच्या निकालाबद्दल तुमचा गैरसमज झालेला दिसतो, तो दूर करतो. टू-स्ट्रोक मी ओळखलं. फोर-स्ट्रोक ओळखलं. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो की अजून चालू केलेलं नाही, आणि तुम्ही सगळे म्हणता ते केव्हाचं फिरत होतं. असेल. पण विजेवर फिरते ती मोटर, तिला इंजिन म्हणत नाहीत. पैज इंजिनांची होती. दोनपैकी दोन बरोबर, सबब मशीन खणातच राहील.

मी चपला का काढल्या, असं अकरमने विचारलं. कारखान्याच्या जागेचा मान म्हणून काढल्या.

एक मात्र विचारायचं आहे. त्या तिसऱ्या खेपेला तुझी काकू माझ्या पाठीमागे काहीतरी बोलली. मी वळून पाहिलं तर अकरमच्या नाकातून चहा येत होता आणि तू तोंडावर ओढणी धरली होतीस. काकू तेवढी हसत नव्हती. एसटीत मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिने खिडकीकडे बघत काहीतरी सांगितलं आणि मी मान हलवली. ती काय म्हणाली, ते सविस्तर लिहून कळव.

काकावरचा लोभ या पैजेने आटू देऊ नको.

तुझा काका


नांदेड, ८ डिसेंबर २०२४

ती. काकांना सप्रेम जयभीम. वि. वि.

मोटर आणि इंजिनाचा भेद अकरमला वाचून दाखवला. तो म्हणतो, काका वकील व्हायला हवे होते. चपलांचं उत्तरही त्याला पटलं नाही. इंजिन चालू झालं की त्याच्या गॅरेजची फरशी कशी थरथरते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तोही अनवाणीच काम करतो.

काकू काय म्हणाल्या ते मी लिहिणार नाही. मी हसले खरी, पण घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. ते त्यांच्याच तोंडून ऐका. मान हलवू नका, ऐका.

इंजिन लवकर कळवा, परत देण्याची मुदत जवळ आली आहे.

रागावलात तरी लोभ ठेवूनच रागवा.

लुंबिनी


लातूर, १५ डिसेंबर २०२४

चि. लुंबिनी हिस जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस दम धरला. गुरुवारी काकू भाजीला गेली तेव्हा खण उघडला आणि मशीन कानात घातलं. पहिल्यांदा फ्रीज ऐकू आला. तो इतका कण्हतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकू आली. मी तोंडासमोर पेपर धरून बसलो. मेथी निवडता निवडता ती बोलत होती. शेजारच्या रत्नम्मांचा गुडघा, समीक्षाचा फोन, माझ्या बहिणीबद्दलची जुनी तक्रार, सगळं. मी ऐकेन अशी तिला आशाच नव्हती, तरी पेपराच्या कडेवरून पाहिलं तर सांगत माझ्याकडे बघूनच होती. अर्धा तास मी पान उलटलं नाही. मग विचारलं, त्या दिवशी गॅरेजात काय म्हणालीस. तिने मेथीतून मान वर न काढता नेहमीच्या आवाजात सांगितलं की हेच इंजिन घ्या म्हणले, ते माझ्यासारखंच हाय, चालू असलं तरी ह्यांना बंदच वाटतं.

मला हसू आलं नाही, लुंबिनी. मला फार वाईट वाटलं. ऐकलं म्हणून सांगितलं तर ती आधी भडकली. अर्धा तास चोरून ऐकलंत म्हणाली. बहिणीबद्दलचे शब्द मागे घेते का विचारलं, तर एकही घेतला नाही. तेव्हापासून आम्ही दोघं बोलतोय, म्हणजे भांडतोय.

इंजिनाचं ऐक. बॅटरीवालं बसव. बॅटरी पुढे नाकात सरकवून घे, वजनाचं भागेल, शिसं लागणार नाही. अकरमने कारण विचारलं तर तांत्रिक आहे म्हणून सांग. उडवशील त्या दिवशी दोघंही येतो.

आमच्या दोघांवरचा लोभ वाढवत राहा.

तुझा काका

ता. क. स्वयंपाकघरातून चहाला हाक आली. पहिलीच नीट ऐकू आली. पण उठलो नाही, आणखी एकदा हाक मारू दे तिला.