तयार असलेलं वाक्य

२० नोव्हें., गुरुवार
माझ्या पल्लवीचा उमेदवारी अर्ज मंजूर. नगरपरिषदेला, आपल्याच वार्डातून. विरोधात शेजारचा भास्करभाऊच. संध्याकाळी स्वतः पेढे घेऊन आला. "सर, आता आपली अमेरिका देवळी गावातच!" पोरीला आशीर्वाद दिला. खूप हसलो.
अमेरिकेतल्या उमेदवारांची जुगलबंदी दर निवडणुकीला सकाळी टीव्हीवर आम्ही दोघं मिळून बघतो. तो बसस्टँडवरून तर्री-पोहे आणतो, मी भाषांतर करतो. एकानं दुसऱ्याचं वय काढलं, बायको काढली, की भा. आधी माझ्याकडे बघतो. मी हसलो की मग तो हसतो.

२४ नोव्हें., सोमवार
चौकात भा.ची सभा. मागं उभा राहिलो, म्हटलं ऐकू तरी. माईकवर म्हणाला, "जिले नवऱ्यानं नांदवलं नाई, ते वार्ड काय चालवन?" लोक खदाखदा हसले. अन् तेवढ्या गर्दीत भा.नं मला हुडकलं. बघितलं माझ्याकडे. मी हसतो का म्हणून.
गावाला वाटत होतं, प. इथं नोकरीसाठी राहते. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, हे मी एकट्या भा.ला सांगितलं होतं. रडत.

२५ नोव्हें., मंगळवार
भा. सकाळी दारात. एका हातात पोह्यांची पुडी, दुसरा पुढं केलेला. "तिकडचे लोक स्टेजवर काय काय बोलतात अन् मंग हात मिळवतात. तुमीच सांगतलं ना सर? मनावर काऊन घेऊन राह्यले?"
सांगितलं होतं खरं. दार लावून घेतलं. पुडी ओट्यावरच ठेवून गेला. दुपारी कुत्र्यानं नेली.

२७ नोव्हें., गुरुवार
प. प्रचाराला बाहेर पडत नाही. पत्रकांचा गठ्ठा सुटलेला नाही. जेवताना म्हणाली, "बाबा, तुमी वर्गात त्या अमेरिकेच्या उमेदवाराच्या बायकोची गोष्ट सांगत होते ना? तिच्या पहिल्या लग्नावरून पेपरवाल्यायनं चिखल उडवला, ते? पोरं लई हसत."
हो म्हटलं.
"मंग त्या बाईचं काय झालं?"
नवरा निवडून आला. त्याच्या शपथेआधीच ती वारली. बोलणाऱ्यांना त्यानं जन्मभर माफ केलं नाही.
प.नं ताट सरकवलं. माझी हुशार पोर.

२९ नोव्हें., शनिवार
आज चौकात प.ची सभा. जाते म्हणाली. सुती साडीला स्वतः इस्त्री केली. सोबतच्या बाया सकाळपासून मागं लागल्यात, "ताई, त्यायच्या घरातलंही काई काढा ना!"
काढण्यासारखं आहे. भा.चा पोरगा नागपूरला नोकरीला आहे, असं गाव समजतं. तो दारू सोडवायच्या केंद्रात आहे, तेही दुसऱ्यांदा. भा.नं मला एकट्याला सांगितलं होतं, आमच्या याच ओट्यावर, तोंडात रुमाल कोंबून.
सोमवारपासून डोक्यात एक वाक्य जमून आलंय. छोटं. भा.च्या वाक्याहून सरस. चौक हसेल, अन् भा. पुन्हा वर मान करणार नाही.
प.ला यातलं काही ठाऊक नाही. आत्ता चपला घालून दारात उभी आहे. "बाबा, काकायले काय उत्तर देऊ? तुमी सांगान तेच बोलीन."
चष्मा पुसतोय असं दाखवलं. ती अजून उभीच आहे.