बोटाला कळू न देता

२४ जानेवारी

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचतो, असं तुझ्या आत्याचं म्हणणं आहे. तेव्हा आपलं पत्रच बरं. पत्र दोनदा वाचता येतं आणि मध्येच कुणी गिऱ्हाईक आलं तर खिशात ठेवता येतं.

तुझे बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या डावीकडे जाताहेत हे वाचून मी दुकानात बराच विचार केला. दोष तुझा नाही, आकड्याचा आहे. तुम्ही त्याला रिलीज म्हणता, मी आकडाच म्हणणार. धनुष्याची दोरी धरून ठेवायची आणि ट्रिगर दाबला की सोडायची, एवढंच त्याचं काम. दिवसभर त्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून तुझं बोट दमत असणार. दमलेल्या बोटाला ट्रिगर जड लागतो, जड लागला की झटका बसतो, आणि झटका बसला की बाण गेलाच डावीकडे. अडकलेलं कुलूप घेऊन येणारा माणूस कुलपाला शिव्या देतो, मी आधी स्प्रिंग बघतो.

म्हणून नवा आकडा केला आहे. तू खेळायला लागलीस तेव्हा विकतचा तुझ्या हातात मावत नव्हता आणि मी पहिला करून दिला होता, आठवतं? तसाच, पण पितळेचा. स्प्रिंग एका जुन्या पेटीच्या कुलपातली घातली आहे आणि ट्रिगर घासून घासून इतका हलका केला आहे, की बोट नुसतं टेकवलंस तरी सुटेल. सोबतच्या पुडक्यात आहे. वापरून कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. बापावर आहे तेवढा लोभ त्याच्या आकड्यावरही असू दे.

तुझा,
बाबा


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेव आणि बाबांच्या हाती लागू देऊ नकोस. मी फार वाईट मुलगी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसणार नाही.

माझे बाण नुसते भरकटत नाहीत. मला एक खोड लागली आहे. नेम धरताना धनुष्यावरच्या साईटचा, म्हणजे नेमाच्या भिंगाचा, ठिपका हळूहळू पिवळ्यावर आणायचा, तिथे जरा ठरू द्यायचा, मग सोडायचं, असा क्रम आहे. माझा ठिपका पिवळ्याच्या कडेला टेकला रे टेकला, की बोट मला न विचारता ट्रिगर दाबून मोकळं होतं. कधी उलटं होतं. ठिपका पिवळ्याच्या खाली अडून बसतो आणि काही केल्या वर चढत नाही. शेवटी बाण न सोडताच धनुष्य खाली ठेवावं लागतं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नाव ऐकून हसू नकोस. मागच्या महिन्यात मी मैदानाच्या मागे जाऊन रडले आहे.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई पूर्वी ॲम्ब्युलन्स चालवायच्या. त्यांना कशाचीच घाई वाटत नाही. त्यांनी बाबांचा नवा आकडा हातात घेतला, एकदा दाबून पाहिला आणि विचारलं की हा कुणी केला. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, फार सुंदर काम आहे आणि तुझ्यासाठी विष आहे. बोटाला आधीच घाई, त्यात ट्रिगर एवढा हलका, म्हणजे आगीत तेल. मला ट्रिगरच नको असं त्यांचं मत पडलं.

मग त्यांच्या डब्यातले रिलीज एकेक करून वापरून पाहिले. पहिला अंगठ्याने दाबायचा होता. चार दिवस झकास गेले, नंतर बोटाची खोड अंगठ्याला लागली. दुसऱ्याला दाबायला काही नव्हतंच, तो मुठीत थोडा फिरला की सुटायचा. मी लबाड, मनगट झटकून त्यालाही फसवायला शिकले. तिसरा मात्र ओढीचा आहे. दोरी ओढताना अंगठ्याने त्याची कळ दाबून ठेवायची, पूर्ण ओढून झाली की कळ सोडायची, आणि मग पाठीच्या जोराने नुसतं ओढत राहायचं. ठरलेल्या ताणापेक्षा ओढ वाढली की तो आपला आपण सुटतो. नेमका कधी, ते मला कळत नाही. बाई म्हणतात तेच औषध आहे, बोटाला कळू न देता बाण गेला पाहिजे. सध्या मी टार्गेटचा कागद न लावता, डोळे मिटून, जवळून नुसत्या फोमच्या ठोकळ्यावर बाण सोडते. आत्या, पहिल्यांदा तो आपला आपण सुटला ना, तेव्हा मला शाळा सुटल्यासारखं वाटलं.

तर मी हाच निवडला आहे. आणि बाबांना लिहिलं आहे की तुमचा आकडा एकदम लोण्यासारखा चालतो.

एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. परवा ओढताना अंगठा कळेवरून सटकला, रिलीज मध्येच सुटला आणि माझीच मूठ माझ्या ओठावर बसली. ओठ टम्म सुजला. बाबांनी फोनवर बोलणं बोबडं का येतंय विचारलं, तेव्हा नेमकं सगळं नीट ऐकू आलं त्यांना. मी सांगितलं की कपाटाचं दार लागलं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात, ते उगाच नाही.

काय करू सांग. रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
टिकली


२२ फेब्रुवारी

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

आकडा लोण्यासारखा चालतो हे वाचून फार बरं वाटलं. पत्र आत्याला वाचून दाखवलं, तर ती उठून पाणी प्यायला गेली. तिला यातलं काही कळत नाही.

तुझ्या ओठाची काळजी लागून राहिली आहे. कपाटाचं दार आपोआप उघडतं म्हणजे कडी झिजलेली असणार. भाड्याच्या खोलीत घरमालक असल्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत. सोबत नवी कडी, स्क्रू आणि एक छोटा पेचकस पाठवतो आहे. वरच्या बाजूला बसव आणि बसवलीस की कळव. तुला मी बाण मारायला शिकवलं, आणि एक कडी तुझ्या दाराला धड नसावी, याची मला लाज वाटते.

आता मुख्य बातमी. सोळा मार्चच्या निवड चाचणीला मी येणार आहे. दुकान दोन दिवस बंद ठेवतो. आदल्या दिवशी संध्याकाळी तुझ्या खोलीवर पोचतो. तू संघात निवडली गेलीस आणि तो आकडा तुझ्या हातात होता, एवढं डोळ्यांनी पाहिलं की माझं भागलं.

लोभ किती आहे ते विचारू नकोस, मोजायचं हत्यार माझ्याकडे नाही.

तुझा,
बाबा


१ मार्च

चि. टिकलीस आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

अगं, तुझ्या त्या कडीपायी दादाने मला वेड लावलं आहे. बसवली का, काही कळवलं का, म्हणून रोज विचारतो. मी टाका घालता घालता मान हलवते. काल त्याने मऊ चामड्याचा तुकडा आणून दिला आणि आकडा ठेवायला पिशवी शिवून दे म्हणाला. सगळं माहीत असताना मी ती पिशवी शिवते आहे. तुझ्यापायी माझंही तोंड शिवलेलं, आणि पाप मात्र अर्धं माझ्या नावावर.

तो येईल तेव्हा त्याला सांगून टाक. दादा चिडणार नाही, चिडला असता तर सोपं होतं. तो गप्प बसेल आणि दुकानात जाऊन चांगली कुलपं उगाच उघडून पुन्हा लावत बसेल. तेही बसू दे. चार दिवस लागतील त्याला. पण तू महिनाभर घाम गाळून जे कमावलं आहेस ते त्याचं मन राखायला घालवू नकोस. मुलीने बापाला फसवलं तर बाप माफ करतो, पण त्याच्यासाठी स्वतःचं वाटोळं केलं तर तो स्वतःला माफ करत नाही. भावाला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते.

कळव. आणि हे पत्र फाड, माया तेवढी ठेवून घे.

तुझी,
आत्या


१९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे आत्याकडून कळलं. यादी काल लागली. माझं नाव नाही. तुम्हाला अंदाज होताच.

बाबा, त्या दिवशी वारा फार होता. आडवा वारा आला की बाण हातात राहत नाही. आकड्याचा काही दोष नव्हता, तो उत्तम चालला, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पहिले काही बाण बघितलेत ना, किती छान गेले होते. नंतर वारा वाढला. तुम्ही दुकान बंद ठेवून इतक्या लांब आलात, प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हात बसलात, आणि मी तुम्हाला हे दाखवलं. परतताना बसच्या खिडकीतून तुम्ही हात हलवलात तेव्हा मला तुमच्याकडे बघवलं नाही.

अजून एक सांगायचं आहे आणि ते लिहिताना हात अडतो आहे. तुमचा आकडा सापडत नाही. आत्याने शिवलेली पिशवी आहे, आत आकडा नाही. मैदानावर गवतात शोधला, कपडे ठेवायच्या खोलीत शोधला, बाईंनाही कामाला लावलं. माझ्यासारखी वेंधळी मीच. तुम्ही एवढ्या कष्टाने केलेली वस्तू मला नीट सांभाळता आली नाही. क्षमा करा.

रागावलात तरी पत्र पाठवा. लोभ कमी झाला असेल तर तेही लिहा, मी सोसेन.

तुमची,
टिकली


२५ मार्च

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

गवतात शोधू नकोस. आकडा माझ्याकडे आहे. चाचणी संपल्यावर तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी तो तुझ्या पिशवीतून काढून घेतला. न विचारता घेतला, म्हणजे चोरलाच म्हण. आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, पण दुसऱ्याची वस्तू पहिल्यांदाच उचलली, आणि तीही पोटच्या मुलीची.

आता वाऱ्याबद्दल. मैदानाच्या टोकाला वाऱ्यासाठी लावलेली ती लाल फीत दिवसभर काठीला चिकटून लोंबत होती. मी बाण कमी आणि ती फीतच जास्त बघत होतो, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं.

खरं काय ते मीच सांगतो. आदल्या दिवशी मला आधीची बस मिळाली. तुला चकित करावं म्हणून खोलीवर न जाता सरळ मैदानावर आलो. तू डोळे मिटून त्या फोमच्या ठोकळ्यासमोर उभी होतीस. तुझ्या हातात काळा, विकतचा आकडा होता. त्याला ट्रिगर नव्हता. तू ओढत राहिलीस, ओढत राहिलीस, आणि बाण गेला तेव्हा तुझा चेहरा असा होता की मी तो बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. लहानपणी पहिला बाण लागला तेव्हा होता तसा. मी शेडच्या आड उभा राहून सात-आठ बाण पाहिले. मग फाटकाबाहेर गेलो आणि मोठ्याने खाकरत पुन्हा आत आलो. तू तो घाईने खिशात घातलास, तेही पाहिलं.

त्या संध्याकाळी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. मी रुसलो होतो, टिकले. म्हातारा माणूस पोरासारखा रुसून बसला. तू आपण होऊन सांगशील म्हणून वाट बघत होतो, आणि वर ती चामड्याची पिशवीही काढून तुझ्या हातात ठेवली. तुझा चेहरा पडला तो मला दिसला होता.

आणि सगळ्यात वाईट ते पुढे आहे. सकाळी रेषेवर उभी राहून तू पिशवीतून माझा आकडा काढलास, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हिला याने जमत नाही, ही हे माझ्यासाठी करते आहे, हे कळत होतं. उठून दोन पावलं आलो असतो आणि तो काळा घे असं म्हटलं असतं, तर काम झालं असतं. पण त्या क्षणी मला आनंद झाला. पोरीने माझाच आकडा घेतला म्हणून मी खुर्चीत ताठ बसलो. शेजारच्या माणसाला तो मी केला आहे असंही सांगितलं. मग तुझं बोट दाबत गेलं आणि बाण डावीकडे जात राहिले, आणि मला खुर्चीतून उठता येईना. तू वाऱ्याला दोष दिलास. दोष त्या खुर्चीत बसला होता.

आत्याने आता सगळं सांगितलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. मी जेवढा ट्रिगर हलका करत गेलो तेवढं तुझं बिघडत गेलं, हे ऐकून दोन दिवस दुकानात लक्ष लागलं नाही. तुला सोपं जावं एवढंच माझ्या डोक्यात होतं. सगळंच सोपं करून द्यायचं नसतं, हे कुलपं करणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

ती कडी मात्र परत पाठव. तुझ्या कपाटाचं दार मी पाहिलं, ते सरकतं आहे. सरकत्या दाराने ओठ कसा सुजला ते मी विचारलं नाही, कारण मग माझंही खाकरणं बाहेर आलं असतं. दोघंही सारखेच लबाड. हे तुझ्यात माझ्याकडूनच आलं असणार, तुझ्या आईला खोटं बोलता येत नसे.

पुढची चाचणी सहा महिन्यांनी आहे ना, तिला मी येईन. तो काळा आकडा उघडपणे गळ्यात अडकवून मला घ्यायला ये. त्याची कळ कशी चालते ते मला शिकायचं आहे, फक्त माझा ओठ सांभाळून. आणि एक लक्षात ठेव, माझं मन राखायला पुन्हा कधी नेम चुकवू नकोस. माझं मन काही एवढं महाग नाही.

पितळेच्या आकड्याचा ट्रिगर मी काढून टाकला. नुसता आकडा उरला, तो घराच्या दाराबाहेर, चौकटीच्या आडोशाला खिळ्याला लावला आहे आणि घराची किल्ली त्याला असते. मी दुकानात असलो आणि तू न कळवता आलीस, तर तिथून घे. दाबायला काहीच ठेवलेलं नाही. ओढलीस की येते.

लोभ होता तेवढाच आहे, नुसता जरा शरमला आहे.

तुझा,
बाबा