खडीसाखरेचं पाणी

परभणी, ४ जानेवारी २०२५

ती. सगुणामावशीस,
राजेश्रीचा शि. सा. न.

“माज्या हाताला हात लावू नको, तुलाबी लागंल,” असं तू मला लहानपणी म्हणाली होतीस. ते वाक्य मी विसरले नाही. काल दवाखान्यात तू कोपरा-मनगटावरचे खवले दाखवलेस आणि डॉक्टरीणबाईंनी टेप काढून कंबर मोजली. तू रागावलीस, मला कुतूहल वाटलं. तुला बाहेर बसवून मी विचारलंच. त्या म्हणाल्या, सोरायसिस लागट नाही. अंगाचे राखणदार आपल्याच कातडीवर उठतात, आत आग पेटते. ती कातडीपाशी थांबत नाही. साखर, चरबी, लिव्हरपर्यंत जाते, म्हणून कंबर मोजली. रक्ताचा रिपोर्ट यायचाय. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहिलं.

तुझी,
राजेश्री

वालूर, १२ जानेवारी

चि. राजेश्रीस अनेक आशीर्वाद.

कंबर मोजली तवा मला वाटलं, बाई परकर शिवून देती का काय! तुज्या काकानं गावभर केलं, सगुणा कोपर दाखवायला गेली अन् कंबर दाखवून आली. लय हसायलेत लोकं. पण माज्या डोक्यातून जाईना. कातडी भायेर, साखर आत. ह्यांची वळख कवा झाली? कातडीपायी साखर, का साखरेपायी कातडी? बाईला इचार.

तू आग म्हणलीस, म्हणून सकाळ-संध्याकाळ खडीसाखरेचं पाणी प्यायलेय. गार वाटतंय. तुज्या लेकीच्या, रोहिणीच्या लग्नाला येईन, पण मांडवात मागं बसीन. लांब बाह्यांचं पोलकं शिवायला टाकलंय.

माया पातळ करू नको.
सगुणामावशी

परभणी, १९ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

हसले आणि दचकलेही. ते पाणी आजच बंद कर. माझाच शब्द चुकला. ही आग उष्णतेची नव्हे. रिपोर्ट आलाय, साखर वाढली आहे. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं ऐकून कपाळाला हात लावला, पण तुझा प्रश्न मला दोनदा विचारायला लावला. म्हणाल्या, मोठमोठे तज्ज्ञही यातच गुंतलेत. दोरी दोन्हीकडून ओढली जाते: आगीनं साखर बिघडते, पोटाच्या चरबीनं आग वाढते. आधी कोण, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. शनिवारी तुला बोलावलंय. काकांना घेऊन ये, त्यांचीही कंबर मोजू.

आणखी एक. चुडा भरायला कासारीण घरी येणार आहे. मी पाहत आलेय, तू बांगड्या सुट्या आणतेस, आतल्या खोलीत स्वतःच चढवतेस. कासारणीपुढे हात धरत नाहीस. यंदा रोहिणीच्या आधी तू बस, बाह्या वर सारून. लागट नाही, हे मी कासारणीला सांगितलंय. ती हो म्हणाली.

तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी मनगटाचं माप कळव.

तुझी,
राजेश्री