बयाबाईची कंबर

आटपाडी,
९ जानेवारी २०२४

ती. हंबीरदादास, धाकट्या बयाचा नमस्कार.

वि. वि. घागर उचलताना कंबर धरली. माझा पोरगा पृथ्वीराज पुण्याहून आला आन सांगलीला दवाखान्यात दाखवून गेला. मणके बरे हायत, पोटाचे स्नायू ढिले पडल्यानं सगळा भार पाठीवर येतो, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दाखवलं. तिथल्या पोरीनं व्यायाम दाखवला. तिच्यासमोर उताणं पडायची लय लाज वाटली. घरी आल्यावर निम्मं इसरले. पोरगा फोन करतो, पण कान गेल्यापासनं मला त्याचं कळत न्हाई, आपली व्हय व्हय म्हणते. तू पलटणीत जवानांना कवायत शिकवलीस, तवा तूच नीट लिहून धाड. वहिनी गेल्यापासनं जेवतोस का, तेबी लिही.

माया असू दे.
बया

वडूज,
१६ जानेवारी

चि. बयास अनेक आशीर्वाद.

पोटाचा व्यायाम म्हटलं की लोक सारखे उठाबशा काढल्यासारखे पडतात-उठतात. तू तसलं काही करू नकोस. चटईवर उताणी नीज, गुडघे मोड, तळवे भुईला टेकव. श्वास सोडत बेंबी आत ओढ आणि कमरेखालची पोकळी भुईला दाब. दम कोंडू नकोस. पायात कळ गेली तर थांब आणि डॉक्टरीणबाईंना दाखव. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळ, मग हात टेकून ऊठ. लहानपणी माकडासारखी चिंचेवर चढायचीस, एवढं तुला जमेल.

माझं जेवण होतं. भाकरी येते आता, कडा तेवढ्या जाड राहतात. आतली खोली चुना मारून घेतली आहे. तुला सोबत लागत असेल तर इकडं ये.

तब्येतीला जप, पत्र टाक.
तुझा दादा

आटपाडी,
११ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

तू लिवल्यावानी करत हुते, बरंबी वाटत हुतं. पण एका सकाळी व्यायाम करताना दूध करपल्याचा वास आला आन मी तशीच सरळ उठले. कंबर अशी धरली, की कुशीवरबी वळता येईना. दाराला आतनं कडी. मी हाका मारल्या. पण दादा, कुणी ओ दिली का न्हाई हे मला कळायचं कसं? हाक मारायची आन दाराकडं बघत ऱ्हायचं. मग मी हाका मारायचं सोडलं.

शेवटी शेजारच्या रहिमतबीनं तिच्या आसिफकडनं कडी तोडवली. आधी गॅस बंद केला, मग माझ्याजवळ बसली. पहिल्या हाकेपासनं ती दाराबाहेर उभी राहून ओ देत हुती म्हणं. आसिफनं मला मागनं पाटीवर लिहून दाखवलं, ती म्हणत हुती, “आले गं बया, हितंच हाय मी.”

आता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा व्यायामाला परवानगी दिलीया. रहिमतबी रोज येती आन माझ्या शेजारी आडवी होती. तिचं पोट वरखाली होताना बघून मला हसू येतं. तू बोलावलंस, पण आता हितनं पाय निघत न्हाई. रागावू नकोस.

तुझीच,
बया

वडूज,
२० फेब्रुवारी

चि. बयास आशीर्वाद.

रागावलो नाही. रहिमतबींना माझा नमस्कार सांग.

तू हाका मारायचं सोडलंस ते वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. इथं शेजारचे कुलूप लावून मुंबईला गेले आहेत. परवा संध्याकाळी दुकानात साखर मागायला गेलो, तर घशातून आवाज फुटेना. दिवसभरात एक शब्द बोललो नव्हतो. खोलीला चुना मारला तो तुझ्यासाठी, असं मी स्वतःलाही सांगत होतो. खरं तर सोबत मला हवी होती.

थोडे दिवस तुझ्याकडं येऊ का? भाऊ बहिणीच्या दारी राहिला की लोक बोलतात, ते मला ठाऊक आहे. अडचण असेल तर मोकळेपणानं लिही.

दादा

आटपाडी,
२६ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

ये. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. मला कुठं ऐकू येतंय?

वाट बघते.
बया