खाटेखालचा जवळा

कोलकाता, जानेवारी २०१३

आईस, दीपेशचा नमस्कार.

मी बरा हाय. गुडघा आता सुजत नाय, फक्त थंडीत जरा धरतो.

पनवेलच्या बाजारातून आणून तू चार पिशव्यांत बांधून दिलेला सुका जवळा मी खाटेखाली लपवला होता. वाटलं, वासाने पोरं मला खोलीबाहेर काढतील. पण आमच्या टीमचा स्ट्रायकर इबोम्चा, मणिपूरचा, त्याने वासावरूनच शोधला. त्यांच्याकडे पण सुक्या मासळीची चटणी करतात. त्याने जवळा भाजून मिरच्यांबरोबर ठेचला. सगळी खोली भातावर तुटून पडली.

खरं सांगू, इतके दिवस मला कोण पास देत नव्हतं. मिडफिल्डला नुसता धावायचो. रविवारी इबोम्चा मागे वळून सारखा मलाच बॉल देत होता. माझ्याच पासवर त्याने गोल मारला. पुढच्या मॅचला सुरुवातीपासून खेळवतो, म्हणाले कोच.

बाबांनी जासईच्या कंटेनर यार्डात माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलाय, असं आपली धाकटी मनस्वी फोनवर बोलली. त्यांना सांग, कॉन्ट्रॅक्ट मेपर्यंत हाय, तोवर कळ काढा. त्यांचा खोकला थांबला का?

जवळा संपला. आता जास्त पाठव, आणि चार पिशव्यांत बांधू नको.

तुझा,
दीपेश