शेपटातला खटका

बुधवार, १२ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोचलं, स्वेटरही पोचला. एक बाही लांब, एक आखूड. तुझी जुनी खोड. वॉर्डातली सिस्टर म्हणते, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. तू लिहितेस, तडक माझ्याकडे ये, धाकटीनं मामासाठी खोली झाडून ठेवली आहे. त्याआधी हे वाच.

विमान डोंगराला घासून झाडांत कोसळलं आणि भावोजी जागीच गेले, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. ते चार दिवस जिवंत होते.

कमरेखाली पत्र्यात अडकले होते, पण शुद्धीत. माझी थट्टाही करायचे, "मेकॅनिकसाहेब, एवढा पत्रा सरळ करून द्या की." आणि सारखं विचारायचे, "बीकन चालू आहे ना? मग येतीलच."

बीकन म्हणजे विमान आपटलं की आपोआप मदतीची खूण पाठवणारी डबी. आमच्या खडबडीत धावपट्ट्यांवर ती नुसत्या उतरण्यानंही सुरू होते, उगाच सगळ्यांची धावपळ होते आणि बोलणी मला खावी लागतात. म्हणून निघताना मी गुपचूप तिचा खटका बंद करायचो. त्या दिवशीही केला. विमान चालवणाऱ्या भावोजींना ते ठाऊक नव्हतं.

डबी शेपटात, आणि शेपूट तुटून खाली घळीत पडलेलं. वरून दिसत होतं. पण उतरायचं तर कशाला, ते सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "चालू आहे." आणि दोन दिवस त्यांच्याशेजारी बसून राहिलो. पाणी शोधतो म्हणूनही जाता आलं असतं. ताई, हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं.

माझा पाय विमानात मोडला नाही. तो घळीत उतरताना मोडला. खटका दाबला, पण वर चढता येईना. वरून हाका ऐकू येत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी त्या थांबल्या. दुपारी हेलिकॉप्टर आलं. मी पहिल्याच दिवशी उतरलो असतो तर भावोजी आज घरी असते.

चौकशीवाल्यांना खटका चालूच सापडला. कुणी काही विचारलं नाही, गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. पण तू लिहिलंस, "त्यांना त्रास झाला नाही, एवढ्यावर मी दिवस काढते." तुझा तेवढा आधारही मी काढून घेतोय. माफ कर म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

त्या हाका मला नव्हत्या. ते तुला हाक मारत होते. माझं एवढं तरी खरं मान.

बोलावलंस तरच येईन.

तुझा म्हणवून घ्यायला तोंड न उरलेला,
धाकटा